शेजारच्याची चव

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाबाहेर नानांची पाच एकर द्राक्षबाग होती. पूर्वी सगळी बाग खायच्या द्राक्षांची, थॉमसनची. 2001 साली राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, नाशिकच्या आसपास वायनरी उभ्या राहू लागल्या, तेव्हा नानांनीही दोन एकरांत वाइनचे वेल लावले. एका एकरात काळी शिराझ, दुसऱ्यात पांढरी शेनिन ब्लाँ. एप्रिलमध्ये खरड छाटणी, दसऱ्याच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारीपासून तोडणी, असं बागेचं वर्ष ठरलेलं. माल करारानं जवळच्या वायनरीला जायचा.

बांधालगत नाना दरवर्षी दहा गुंठे ज्वारी करत, ती केवळ हुरड्यासाठी. संक्रांत झाली की एका रविवारी मळ्यात पंगत बसायची. आधी सोयरेधायरे आणि शेजारपाजारचे यायचे. मग नानांनी कृषी पर्यटन सुरू केलं आणि मुंबई-पुण्याचे पाहुणेही येऊ लागले. सत्तरी ओलांडल्यावर नानांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं.

"पुढच्या वर्षापासून ही पंगत तुमच्यातल्या एकानं सांभाळायची. यंदा दोन रविवार करू. पहिला थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. पाहुणे पंचवीस-पंचवीस, पैसे दोघांना सारखे. मी मधे बोलणार नाही."

थोरला मुंबईच्या मोठ्या हॉटेलात बारा वर्षं काढून आलेला. वाइनमधलं त्याला खरोखर कळत होतं. त्यानं राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढला आणि ठेवणीतली शिराझ मागवली, ओकच्या पिंपात मुरलेली, वायनरीतली सगळ्यात महाग. निम्म्याहून अधिक पैसे त्या बाटल्यांवर गेले. दुसरी वाइन घ्यायची त्याला गरज वाटली नाही. जे उत्तम आहे तेच पाहुण्यांना द्यायचं, असा त्याचा सरळ विचार होता.

रविवारी दुपारी चिंचेखाली टेबलं मांडली. पांढऱ्या चादरी, चकचकीत पेले, रांगेत उभ्या बाटल्या. जानेवारी असला तरी भर दुपारचं ऊन होतं आणि बाटल्या अकरापासून बाहेर होत्या. आगटीतून कणसं निघू लागली, तसा थोरला पेला हातात घेऊन उभा राहिला. रंग कसा पाहावा, वास कसा घ्यावा, मिऱ्याचा आणि जांभळाचा गंध कुठे लागतो, हे त्यानं मन लावून समजावलं. बोलणं चांगलं होतं, पण लांबलं. हुरडा आगटीतून निघाला की तळहातावर चोळावा, फुंकर मारून फोल उडवावं आणि गरम आहे तोवर तोंडात टाकावा. निवला की तो चिवट होतो. पाहुण्यांच्या पुढ्यात तो निवत राहिला.

मग हिरव्या मिरचीचा ठेचा आला, लसणाची चटणी आली, मागोमाग काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण. पाहुण्यांनी ठेच्यावर शिराझचा घोट घेतला आणि एकेकाचे डोळे पाण्यानं भरले. एका बाईंनी हळूच पाणी मागितलं. पुण्याच्या एका जोडप्याला परत गाडी चालवायची होती, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. दोघे वयस्कर पाहुणे वाइन घेत नव्हते. त्यांना थोरल्याचं भाषण ऐकण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं. जाताना सगळ्यांनी "फार छान" म्हटलं आणि गाड्या लवकर निघाल्या.

संध्याकाळी पेले धुवायला धाकटा आणि आत्या बसले. आत्या म्हणजे नानांची बहीण. तरुणपणी वैधव्य आलं तेव्हापासून माहेरी राहिलेली, घरातलं स्वयंपाकघर तिच्या हातात. तिनं आयुष्यात वाइनचा थेंब घेतला नव्हता. पेले विसळताना धाकट्याच्या लक्षात आलं की बहुतेक पेले अर्धे भरलेले आहेत. एवढी महागाची वाइन मोरीत चालली होती.

"आत्या, वाइन वाईट होती का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण माझं ताकाचं मडकं बघ."

मडकं रिकामं होतं. तोडणीच्या बायांसाठी आत्यानं पाच लिटर ताक करून मागच्या पडवीत ठेवलं होतं. दुपारभर एकेक पाहुणा हात धुवायच्या निमित्तानं मागे आला आणि ताक पिऊन गेला होता.

"बायांना मी परत घुसळून दिलं," आत्या म्हणाली. "पण पाहुणा आपल्या तोंडानं सांगत नाही रे. त्याचं उष्टं सांगतं."

दुसऱ्या दिवशी धाकटा वायनरीत गेला आणि वाइनमेकरला त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी त्याला समजावलं. मिरचीचा जाळ कॅप्सायसिनमुळे होतो. अल्कोहोल तो जाळ भडकवतं, आणि ठेवणीतल्या शिराझमध्ये ते चौदा टक्क्यांच्या आसपास असतं. वर द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या लाकडातून उतरलेलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा. तिखटानं सोललेल्या जिभेवर तो खरखरीत लागतो. त्यात बाटली उन्हात तापलेली. लाल वाइन सोळा ते अठरा अंशांवर खुलते, त्यापुढे गेली की नाकात नुसता अल्कोहोलचा भपका येतो. ताकातलं केसीन हे प्रथिन मात्र कॅप्सायसिनला धरून घेतं आणि जीभ निवते. "तुमच्या आत्यांच्या मडक्यानं बरोबर जोडी जमवली होती," ते म्हणाले.

धाकट्यानं चार बाटल्या घेतल्या आणि आठवडाभर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तो आणि त्याची बायको थोडं थोडं करून पाहू लागले. आत्या वास घ्यायची आणि पदार्थाचं सांगायची. शेनिन ब्लाँ अंगची किंचित गोड आणि आंबट. आठ-दहा अंशांपर्यंत गार करून ठेच्याबरोबर घेतली तर गोडी मिरचीला सांभाळायची आणि आंबटपणा तोंड मोकळं करायचा. आत्या म्हणाली, "मग हे आपलंच झालं की. ठेच्याबरोबर आपण दही आणि गूळ देतोच." कोथिंबीर वडीचं तेल फेसाळ स्पार्कलिंग वाइनच्या बुडबुड्यांनी आणि आंबटपणानं कापलं जायचं, प्रत्येक घास पहिल्यासारखा लागायचा. गुळाच्या पोळीनं त्यांना फार दमवलं. तिच्यावर साधी वाइन घेतली की पाणचट आणि आंबट लागायची. गोडाबरोबरची वाइन गोडाहून गोड हवी, हा नियम तेव्हा पटला. मग लेट हार्वेस्ट आणली. तिची द्राक्षं वेलावर जास्त दिवस राखतात, त्यामुळे त्यांच्यात साखर भरते. तूप लावलेल्या गुळाच्या पोळीशेजारी ती बसली.

शिराझ राहिली होती. धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "ती नको ना आता?" तेवढ्यात आत्यानं चुलीतून भाजलेलं वांगं काढलं होतं. तिनं भरताला मिरची नावाला घातली आणि वर शेंगदाण्याचा कूट घातला. वांग्याचा धूर आणि शिराझमधला मिऱ्याचा वास एकमेकांना ओळखून असल्यासारखे जुळले. मटणातली मिरची कमी करून खोबरं-कांद्याचं वाटण वाढवलं, तेव्हा मांसातल्या प्रथिनानं आणि चरबीनं टॅनिन मऊ केलं. महाग वाइन आता महाग लागू लागली.

दुसरा रविवार जवळ आला तसा धाकट्यानं पंचवीसच्या पंचवीस जणांना फोन केला. कोण वाइन घेतं, कोणाला मधुमेह आहे, कोणाचा उपास, कोणाला तिखट सोसत नाही, गाडी कोण चालवणार? सोळा जण वाइन घेणारे निघाले, नऊ न घेणारे. त्यानं हिशेब मांडला. पाऊणशे मिलीलिटरचा छोटा पेला धरला तर 750 मिलीलिटरच्या एका बाटलीत दहा पेले होतात. सोळा जणांना प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या पुरल्या. परवाना काढला. उरलेल्या पैशांत नाशिक रोड स्टेशनहून ये-जा करायला मिनी बस ठरवली, म्हणजे कोणाला गाडी चालवावी लागणार नाही.

शनिवारी रात्री तो थोरल्याकडे गेला. "दादा, शिराझबद्दल मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. उद्या ती तू वाढ." थोरला क्षणभर गप्प बसला आणि मग "वाढतो" म्हणाला.

रविवारी बाटल्या बर्फाच्या टपात आणि सावलीत होत्या. पाहुणे आल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात एकसारखाच उंच दांड्याचा पेला आला. कोणाच्या पेल्यात फेसाळ वाइन, कोणाच्या पेल्यात जिऱ्याची पूड घातलेलं कोकम सरबत, कोणाच्या पेल्यात आल्या-लिंबाचा ताजा उसाचा रस. मधुमेह असलेल्या काकांना मठ्ठा. पेले सारखे असल्यामुळे कोण काय पितंय हे कोणी विचारलं नाही आणि कोणाला खुलासा करावा लागला नाही. मिनी बसचा चालकही पंगतीत बसला, त्याच्या पेल्यात कोकम होतं.

आगटीभोवती गोल करून सगळे बसले. धाकट्याच्या बायकोनं गरम कणसं हातावर चोळून दाखवली आणि मुंबईची मुलं फुंकरा मारत हसू लागली. हुरड्याबरोबर ठेचा आणि शेनिन ब्लाँ गेली. न घेणाऱ्यांना ठेच्याबरोबर ताक. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग भरीत-भाकरी आणि मटण आलं, तेव्हा थोरला शिराझ घेऊन उठला. या वेळी तो चार वाक्यं बोलला. "आधी भरिताचा घास घ्या. मग घोट घ्या. मग परत घास. आता सांगा, वांगं जास्त चांगलं लागतंय की वाइन?" लोक बराच वेळ त्याच्याभोवती प्रश्न विचारत राहिले. एका आजींनी वाइन घेतली नव्हती, पण त्यांनी भरताची कृती आत्याला विचारून घेतली. शेवटी गुळाची पोळी, लेट हार्वेस्टचा घोटभर पेला आणि न घेणाऱ्यांना मसाला दूध. उन्हं उतरली तरी कोणी उठेना.

संध्याकाळी पेले धुवायला दोघे भाऊ बसले. नाना बाजेवर बसून बघत होते. पेल्यांत काही उरलं नव्हतं, ताटांतही नाही.

"नाना, आता सांगा," थोरला म्हणाला. "पंगत धाकट्याची. मला मान्य आहे."

नाना म्हणाले, "पंगत दोघांची. पण धाकटा मांडेल आणि तू वाढशील. का ते ऐका. मागच्या रविवारी तू आणलेली वाइन या दोन्ही पंगतींत सगळ्यात भारी होती, तिच्यात खोट नव्हती. पण तू तिला एकटीला मोठं केलंस. तिच्यापुढे हुरडा निवला, ठेचा आग झाला, माणसं तहानली. धाकट्यानं तीच वाइन भरिताशेजारी बसवली. भरीत मोठं झालं आणि वाइनही मोठी झाली. ताटात प्रत्येकाला जागा असते, जो शेजारच्याची चव वाढवतो तो संपतो आणि जो शेजारच्याला दाबतो तो उरतो. घरातही तसंच आहे. शनिवारी रात्री धाकटा तुझ्या दारी आला, तेव्हाच त्यानं पंगत जिंकली होती."

थोरल्यानं धाकट्याच्या हातातला पेला घेतला आणि पुसायला लागला.

पुढच्या वर्षीपासून त्या मळ्यात तीच रीत पडली. आधी पाहुण्यांना फोन, मग पदार्थ, मग पेय आणि सगळ्यात शेवटी यजमानाचं बोलणं. संक्रांतीचा हुरडा असो, वर्षअखेरीची मेजवानी असो की घरातला वाढदिवस, आपणही हा क्रम धरावा. तिखटाशेजारी गार आणि थोडं गोड द्यावं, तळलेल्याशेजारी फेसाळ आणि आंबट, धुरकट आणि मांसाहारी पदार्थाशेजारी तुरट, गोडाशेजारी त्याहून गोड. न पिणाऱ्याचा पेला पिणाऱ्याच्या पेल्याइतकाच मानानं भरावा आणि प्यालेल्या कोणाच्याही हाती गाडीची किल्ली देऊ नये. आपली आवड पाहुण्यावर लादून मोठं होता येत नाही. यजमानाचं मोठेपण पाहुण्याच्या तृप्तीत असतं.