फुलहॅममध्ये पाहण्यासारखं काय आहे?

भाची लंडनला नर्स आहे. सुट्टीचा रविवार मिळाला की सकाळची उपासना आटोपायची, मग एखादं ठिकाण पाहून यायचं आणि संध्याकाळी फोटो इकडे खारघरला पाठवायचे, असा तिचा नेम. वेस्टमिन्स्टर झालं, सेंट पॉल झालं. पुढच्या रविवारी कुठं जाऊ, असं तिनं विचारलं तेव्हा मी फुलहॅम सांगितलं. तिनं तिथल्या मैत्रिणींकडे चौकशी केली आणि मला उलट विचारलं, "मावशी, फुलहॅममध्ये पाहण्यासारखं काय आहे? थेम्सच्या काठाला एक फुटबॉलचं मैदान आहे म्हणे."

खरं आहे, स्थलदर्शन म्हणतात तसं तिथं फारसं काही नाही. पण मराठी माणसांनी विलायतेत जे जे पाहिलं त्यात माझ्या लेखी पहिला मान फुलहॅमचा. ते पाहणारी बाई पंचवीस वर्षांची होती. नवरा जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालेलं आणि पदरी दोन वर्षांची मुलगी.

पंडिता रमाबाई 1883 च्या एप्रिलमध्ये मुंबईहून बोटीनं निघाल्या. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. सिस्टरांना मराठी शिकवायचं आणि स्वतः इंग्रजी शिकायचं, असा व्यवहार होता. वैद्यकी शिकायचा मनसुबा होता, तो कानांनी दगा दिल्यामुळे राहून गेला. या मुक्कामात मठाच्या प्रमुखांनी त्यांना हवापालटासाठी लंडनच्या शाखेत पाठवलं आणि तिथल्या सिस्टरांनी पाहुणीला आपलं काम दाखवायला फुलहॅमला नेलं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथं आश्रयगृह होतं. पूर्वी तिथं राहिलेल्या काही बायका रमाबाईंना भेटल्या. त्या आता आजाऱ्यांची, दुबळ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी काही करायला हवं आणि करता येतं, हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथं उमगलं, असं त्यांनी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नोंदवलं आहे.

मग त्यांनी शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं, या बायकांना जवळ करावं असं तुम्हाला का वाटतं? सिस्टरनं व्याख्यान दिलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

तो प्रसंग मी लहानपणी नगरला रविवारच्या शाळेत शिकले, तेव्हा त्यात विहीर तेवढी लक्षात राहिली होती. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच पाण्याला येते. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. बोलता बोलता ती विचारते, देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? तो सांगतो की खरी उपासना या डोंगरावरही अडकलेली नाही आणि यरुशलेमेतही नाही.

आता ऐकणारी कोण, ते पाहा. रमाबाईंचं सारं बालपण तीर्थयात्रेत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत बायकोमुलांसह क्षेत्रामागून क्षेत्र फिरले. दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली. देव कुठल्या गावी भेटतो, हा प्रश्न त्या मुलीनं पायांनी सोडवून पाहिला होता. गाव विचारूच नका, हे उत्तर तिला लंडनच्या एका आश्रयगृहापाशी मिळालं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला तिनं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत शंभरदा सांगून झाली आहे आणि सांगणारे बहुतेक इथंच थांबतात. मला थांबवत नाही.

'पतितपावन' हा शब्द आपल्याकडे त्याआधी कितीतरी शतकं होता. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेची मुलगी. तिनं पंढरीला विठोबाच्या पायाशी देह ठेवला, देवळात तिच्या नावाचं तरटीचं झाड झालं, असं परंपरा सांगते. कोणी म्हणेल, झाड मिळालं, घर मिळालं नाही. तेही पुरतं खरं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते 1863 साली, रमाबाई विलायतेला जाण्याच्या वीस वर्षं आधी. पंढरपूरलाही 1875 पासून प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी तसंच काम चालवलं होतं. शिवाय ज्या इंग्लंडात रमाबाई पाहुण्या होत्या, त्याच इंग्लंडात संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली पोलिसांना वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून बायकांना पकडून तपासणीला नेता येई. जोसेफाइन बटलर त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडत होत्या आणि तो कायदा 1886 मध्ये कुठं रद्द झाला. याच धर्तीचा कायदा त्या सरकारनं 1868 साली हिंदुस्थानलाही दिला होता. म्हणजे आपली शास्त्रं अशा बायकांशी कठोर वागतात असं साक्षीत म्हणताना रमाबाईंनी लंडनचा उत्तम भाग आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांच्या वाईट भागाशी ताडून पाहिला. तुलना म्हणून ती लंगडी आहे, हे ख्रिस्ती असूनही मला म्हणावं लागतं.

पण तुलना चुकली म्हणून दर्शन खोटं ठरत नाही. परक्या गावात माणसाचे डोळे उघडे असतात. आपल्या गावात जे रोज पायाखाली येतं ते दिसत नाही, कारण त्याला वळसा घालायची पावलांना सवय झालेली असते.

डोळे उघडे ठेवणं वेगळं आणि दाखवणाऱ्यानं सांगितलेलं सगळं मानणं वेगळं. रमाबाईंनी दुसरं कधी केलं नाही. बाप्तिस्म्यानंतरचा त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहार म्हणजे अखंड वाद आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? शाकाहार का सोडू? त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटेपर्यंत नुसता आज्ञापालन म्हणून का मानू? सिस्टरांना हा अहंकार वाटे. इकडे पुण्यात धर्म बुडवला म्हणून ओरड चाललेली. जोतीरावांनी मात्र 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. अमेरिकेत गेल्यावरही हाच बाणा होता. तिथल्या स्त्रियांच्या संस्था पाहून त्या हरखल्या, पण मूळच्या रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्याय 1889 च्या प्रवासवृत्तात त्यांनी झाकला नाही. आणि 1897 च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात व छावणीत बायकांचे हाल होतात, असं 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड लिहून सरकारचा रोष पत्करला. पाहुणी होती, पण मिंधी नव्हती.

भाचीला हे सगळं फोनवर सांगत होते तेव्हा माझ्याकडेही पाहुणे यायचे होते. खारघरात पाहुण्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं आहे. उत्सव चौक, सेंट्रल पार्क, 2025 च्या जानेवारीत उघडलेलं इस्कॉनचं संगमरवरी मंदिर, पावसाळा असेल तर लांबूनच पांडवकडा, कारण जवळ जायला बहुधा बंदी असते. हौशी पाहुणे असतील तर मेट्रोनं पेंधरपर्यंत चक्कर.

सेक्टर 22 मध्ये टाटाचं ॲक्ट्रेक आहे, ते मी कधी कुणाला दाखवलेलं नाही. कर्करोगावर उपचार आणि संशोधन करणारी ही देशातली नावाजलेली संस्था. तिथं बंगाल, बिहार, आसामातून माणसं येतात. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी किंवा ओढणी, हातात फायलींची पिशवी. मराठी येत नाही, हिंदी तोडकीमोडकी. पासपोर्ट लागला नाही एवढंच, बाकी ती परदेशीच. उपचार महिनोन्महिने चालतात, म्हणून आसपास खोली शोधतात.

मागे आमच्या संकुलाच्या सभेत एक ठराव आला होता. रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना फ्लॅट भाड्यानं देऊ नयेत. कारणं सभ्य होती. लिफ्ट अडते, सतत माणसं बदलतात, मुलांच्या मनावर परिणाम होतो. कर्करोग लागत नाही हे त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. मी हात वर केला नाही, पण विरोधात तोंडही उघडलं नाही. त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसले, गीतंही म्हटली. भर दुपारी एकटीनं विहिरीवर येणाऱ्या बाईला गावानं वेळ नेमून दिली नव्हती, इतरांच्या नजरांनी ती आपोआप ठरली होती. आमच्याकडे ठराव करून ठरली, एवढाच फरक.

हे भाचीला सांगायचा धीर झाला नाही. ती स्वतः लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. पहिल्या महिन्यात दोन ठिकाणी तिला "आत्ताच गेली खोली" असं उत्तर मिळालं होतं, तेव्हा मी इथं बसून इंग्रजांना नावं ठेवली होती.

पुढच्या रविवारी ती फुलहॅमला गेली. फोटो आला तो एका साध्या रस्त्याचा, विटांच्या घरांचा. खाली तिनं लिहिलं होतं, "मावशी, काहीच नाहीये इथं."

रमाबाईंनी जे पाहिलं ते केडगावला आणलं. तिथल्या आपल्या मुक्ती मिशनच्या आवारात त्यांनी फुलहॅममधल्यासारख्याच आश्रय शोधणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळं घर काढलं आणि त्याला कृपासदन नाव दिलं. केडगाव पुणे-दौंड मार्गावर आहे. मिशन अजून चालू आहे. खारघरहून पहाटे निघालं तर दिवसात पाहून परत येता येतं.