रस आणि ऋण

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, माझ्या पुतणीने माझी परीक्षा घेतली आणि मी तीत सपशेल नापास झालो. फराळ चालला होता. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत चकलीच्या शेजारी लवंगेची शेव असतेच, तशी ती होती. ती म्हणाली, "काका, दोन तुकडे ऐकवते. गायक-वादकाचं नाव नको, फक्त साल सांगा."

पहिला तुकडा सुरू झाला आणि मी क्षणात ओळखला. म्हणजे मला तसे वाटले. तो धावता ठेका, सिंथेसायझरचा तो काचेसारखा चकाकणारा सूर! मी छातीठोकपणे सांगितले, "चौऱ्याऐंशी, नाहीतर पंच्याऐंशी." ती हसली. ते गाणे नोव्हेंबर २०१९ चे होते आणि गायक 'द वीकेंड' या नावाने गाणारा कॅनडाचा तरुण. त्याचा जन्म १९९० चा. ज्या दशकाची आठवण तो जागवतो ते दशक संपल्यावर तो जन्मला.

दुसऱ्या तुकड्यात यंत्राचा अखंड फिरणारा ठेका होता, खाली खर्जात घसरत जाणारी स्वरांची साखळी, आणि वर चक्क मालकंस. मी म्हणालो, "हे आजकालच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवाल्या पोराचं." पुन्हा चूक. ती रेकॉर्ड १९८२ ची होती.

हसण्यावारी न्यावा असा हा प्रसंग. पण ती सहज म्हणून गेली, "काका, बाबा पण असलंच काहीतरी वाजवायचे ना?" आणि तोंडातली चकली तोंडातच राहिली. त्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी त्या रेकॉर्डविषयी.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठमोठ्या संगीतकारांकडे वाजवणारे वादक. हिंदी चित्रपटांत डिस्कोचे वारे जोरात होते. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला, १९८१ मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' आला, आणि १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर'. त्याच १९८२ साली सिंगांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ललत, तोडी, यमन, कलावती, मेघमल्हार, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीने ती काढली; फारशी कुणी घेतली नाही.

यातले टीबी-३०३ हे यंत्र मुळात बेस गिटारवाला सोबत नसला तर त्याची जागा भरून काढावी म्हणून केलेले. ते काम त्याला धड जमले नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. मग शिकागोतल्या काही तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले, त्याच्या कळा पिळून पिळून एक विचित्र, चिवट आवाज काढला, आणि १९८७ मध्ये त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली. तिथून 'ॲसिड हाउस' नावाचे एक संगीतच सुरू झाले. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपण तिला मींड म्हणणार नाही, पण मींडेची ती दूरची नातेवाईक खरी. आपल्या माणसाला तिचा उपयोग पाच वर्षे आधी सुचला होता, कारण त्याच्या कानात राग होता.

२००२ मध्ये एका डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोपातले चाहते थक्क झाले. पण काहींनी शंका काढली, की हे १९८२ चे असूच शकत नाही. कुणीतरी आजच्या वादकाने केलेली ही थट्टा आहे. शंका खोटी ठरली. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन तेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

मला ती शंका फार महत्त्वाची वाटते. समजा, ती खरी निघाली असती, तर काय बदलले असते? तबकडीतला एकही स्वर बदलला नसता. मालकंसातला कोमल गंधार होता तिथेच राहिला असता. तरी काल डोलणारा चाहता आज म्हणाला असता, "फसवलं!" कानाला तर कुणी फसवले नाही. मग फसले कोण?

पहिले उत्तर आपल्या परंपरेतच आहे. रससिद्धांतात साधारणीकरण नावाची कल्पना आहे. रंगभूमीवरचा शोक अमक्या गावातल्या अमक्या माणसाचा उरत नाही. स्थळ, काळ, व्यक्ती गळून पडतात तेव्हाच तो रसिकाच्या मनात करुण रस होऊन उतरतो. या न्यायाने साल विचारणारा रसिक अजून रसापर्यंत पोहोचलेलाच नाही. मग नव्या गाण्याला जुने समजून मी डोललो त्यात चूक काहीच नाही, आणि जे दशक पाहिलेच नाही त्याच्या ओढीने ज्यांना हुरहूर लागते त्या विशीतल्या पोरांनाही खोटे म्हणता येणार नाही. अकबराचा दरबार तरी आपण कुठे पाहिला होता? दरबारी कानडा ऐकताना अडते का काही?

उत्तर चांगले आहे. पण पुरे नाही. कारण तोच आपला गवय्या गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. बंदिश कुणाची, चीज कुणाकडून आली, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नाव सांगितल्याने स्वर गोड होत नाही, मग तो का सांगतो? माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक रस, दुसरे ऋण. रसाला तारीख नसते, ऋणाला असते. कुणी आधी धाडस केले, कुणी हसे करून घेतले, कुणाची तबकडी दुकानात धूळ खात पडली, याचा हिशेब स्वरांत ऐकू येत नाही. तो वेगळा ठेवावा लागतो. थट्टेची शंका घेणाऱ्या चाहत्याचा कान फसला नव्हता. आपला आदर चुकीच्या पत्त्यावर गेला की काय, एवढीच त्याला धास्ती होती. ती धास्ती मला सज्जनपणाची वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या धाटणीचे नवे संगीत आले की चाहत्यांत तीन तट पडतात. एक म्हणतो, यात माझे तारुण्य परत मिळाले. दुसरा म्हणतो, मी उशिरा जन्मलो. तिसरा म्हणतो, ही नक्कल आहे, मूळ ऐका. तिसऱ्याला आपण खडूस म्हणतो, पण ऋणाची वही तोच सांभाळत असतो. दुसऱ्याची ओढ निर्मळ असते. मला संशय येतो तो पहिल्याचा, कारण तो मी आहे.

ऐंशीचे दशक म्हणून आज जे विकले जाते त्यात निळे-गुलाबी दिवे आहेत, चकचकीत जाकिटे आहेत, तो काचेसारखा सूर आहे. आमच्या मध्य प्रदेशाच्या त्या दशकात डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र होती. इंदुरात कापडगिरण्यांना घरघर लागत होती. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या दिव्यांनी लखलखत राजवाड्यापर्यंत येत आणि आम्ही रात्रभर जागून त्या बघत असू. ज्या हातांनी ते दिवे लावले त्यांचे पुढे काय झाले? हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या ४,८०० कामगारांच्या हक्काचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा समारंभ इंदुरात झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीस वर्षांत कितीतरी कामगार वारले. स्मरणरंजन दिवे ठेवते आणि धूर पुसते. त्याहून वाईट म्हणजे, त्या धुरात आपण काय करत होतो हेही पुसते.

आता पुतणीचा प्रश्न.

आमचे वडील उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त. या गावाच्या नावाने घराणे ओळखले जाते ते खाँसाहेबांमुळे, याचा त्यांना कोण अभिमान! १९७४ मध्ये खाँसाहेब कलकत्त्याला मोटार अपघातात गेले, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस रेडिओ लागला नव्हता. अशा घरात माझ्या धाकट्या भावाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हप्त्याने एक छोटा कॅसिओ आणला आणि तो एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. गणेशोत्सवात दहा दिवस त्याला उसंत नसे. पण रात्री घरी आल्यावर आवाज अगदी बारीक करून, त्यातला ठेका लावून, तो मालकंस वाजवत बसे.

वडील एवढेच म्हणाले, "कोमल गंधार मींडेतून यायला हवा. बटणातून कसा येणार?" आक्षेप खरा होता. मात्र पेटीवरही हाच आक्षेप होता. त्यापायी १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आणि त्याच पेटीच्या साथीवर वडील मान डोलवत. हे मला तेव्हा ठाऊक होते. मी बोललो नाही. उलट, वडिलांपुढे शहाणा ठरावे म्हणून चार पाहुण्यांच्या देखत भावाला म्हणालो, "हे संगीत नव्हे रे, ही विजेची घंटी आहे." सगळे हसले. तोही हसला. वर्षभरात त्याने कॅसिओ विकला आणि क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहायला लागला. २००९ मध्ये तो गेला. त्याच्या वाजवण्याची एक फीतदेखील आमच्याकडे नाही.

तो चरणजित सिंग होता असा माझा मुळीच दावा नाही. साधा, हौशी वादक होता. म्हणूनच हिशेब अवघड आहे. जे मोठे असतात त्यांचे ऋण जग उशिरा का होईना, फेडते. बप्पी लाहिरींची आम्ही जन्मभर टिंगल केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले तेव्हा तीच गाणी डोळे पुसत ऐकली. पण ज्यांची तबकडीच नाही, ती कुणाला दिल्लीत सापडणार? आज तो सूर ऐकून माझे डोळे भरून येतात. त्या डोळ्यांना तसा अधिकार आहे का?

मी बराच विचार केला. रसाचा अधिकार आहे, तो कुणीच काढून घेऊ शकत नाही. पण "ते आमचे दिवस" असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ते त्याचे दिवस होते. मी त्यात हसणाऱ्यांच्या रांगेत होतो.

मग ऋण फेडायचे कसे? आपल्या पूर्वजांनी तीन ऋणे सांगितली, त्यातली गंमत पाहा. पितृऋण पितरांना परत देऊन फिटत नाही, पुढची पिढी वाढवून फिटते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ज्याचे देणे त्यालाच परत करता येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. देणे पुढे चालवायचे असते. त्यामुळे माझी खरी परीक्षा १९८२ च्या सुराला आज दाद देण्यात नाही, ते सोपे आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरूंचा मुलगा रात्री लॅपटॉपवर काहीतरी धडधडत करत असतो, आणि जिन्यात भेटला की माझ्या जिभेच्या टोकावर एक विनोद तयार असतो. माझी परीक्षा तिथे आहे. ते संगीत चांगले आहे असे मी म्हणणार नाही. मला ते कळतच नाही. पण न कळणे आणि चार माणसांत हसणे यांत जे अंतर आहे, तेवढे तरी राखता येईल.

पाडव्याच्या त्या दुपारी मी पुतणीला सगळे सांगितले, ते वाक्यसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "पण वाजवायचे काय?"

"मालकंस," मी म्हणालो. "रात्री. आवाज अगदी बारीक करून."

तिने फोन उचलला, तोच तुकडा पुन्हा लावला, आणि आवाज थोडा मोठा केला.