मत्स्यपेटीतले शुद्ध पाणी

शुद्धता हा पदार्थाचा स्वतःचा गुण, की पदार्थ आणि तो वापरणारा यांच्यातले नाते, हा वाद दर्शनांत आणि धर्मशास्त्रात जुना आहे. घरच्या मत्स्यपेटीसाठी आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) यंत्र सांभाळणाऱ्यापुढे तो पाणी बदलायच्या दिवशी बादलीच्या रूपाने उभा राहतो.

यंत्राचे काम थोडक्यात असे. नळाचे पाणी आधी सेडिमेंट फिल्टरमधून जाते, तिथे गाळ आणि गंज अडतो. पुढचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असतो, तसाच त्यापुढे असलेल्या, क्षार अडवणाऱ्या पॉलिअमाइडच्या नाजूक पडद्यालाही. म्हणून साधारण सहा महिन्यांनी बदलायच्या स्वस्त कार्बन फिल्टरबाबत टाळाटाळ केली, तर दोन-तीन वर्षे चालणारा महाग पडदा जातो. पडद्याच्या दोन बाजूंना क्षार कमी-जास्त असले की पाणी आपण होऊन जास्त क्षारांच्या बाजूला झिरपते. दाब देऊन त्याला उलटे ढकलायचे, एवढीच युक्ती. ती व्यवहारात उतरवणारा पडदा 1959 च्या सुमारास सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केला. आजचा चांगला पडदा विरघळलेल्या क्षारांपैकी 95 टक्क्यांहून अधिक अडवतो. मात्र यंत्र काही तास बंद राहिले की अडवलेले क्षार पडद्यातून हळूहळू पलीकडे सरकतात. त्यामुळे सुरुवातीचे थोडे पाणी टाकून द्यावे लागते. ही शुद्धता मिळवून ठेवता येत नाही. दाब असेल तोवरच ती असते.

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 300 चा आकडा 10 वर आला की पाणी शुद्ध झाले, असे माणूस म्हणतो. माशाचे मत वेगळे असते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात, म्हणून पाणी कल्ल्यांवाटे सतत आत शिरत राहते. मासा ते पातळ मूत्राने बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. पाण्यात ओढून घेण्याजोगे काही उरलेच नसेल, तर हा व्यवहार मोडतो. शिवाय कार्बोनेट गेल्याने आम्लता सावरणारे कोणी उरत नाही आणि पीएच एकाएकी कोसळू शकतो. म्हणून मेहनतीने काढलेले क्षार मोजून परत घालावे लागतात, किंवा नळाचेच थोडे पाणी मिसळावे लागते. किती, ते माशावर ठरते. अमेझॉनच्या खोऱ्यात रिओ निग्रोच्या पावसासारख्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात वाढणाऱ्या कार्डिनल टेट्राला अगदी थोडे पुरतात. मोली माशाला जड पाणी मानवते. प्रवाळांच्या टाकीत आरओच्याच पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ जाते. पाण्यात किती आहे हे मीटर सांगतो, ते कोणाला चालेल हे सांगत नाही.

वैशेषिक दर्शनाला यंत्राची भाषा लगेच कळली असती. तिथे गंध हा पृथ्वीचा गुण आहे. पाण्याला वास आला, तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. या हिशेबाने पडदा पाण्यातून पृथ्वी वेगळी काढतो. पण मधुर रस मात्र पाण्याचा स्वतःचाच मानला आहे, आणि आरओचे सपक पाणी चाखलेली जीभ इथे थोडी अडखळते. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय वेगळी कसोटी लावतो: जमिनीवरचे, गाईची तहान भागेल इतके, अमेध्याचा स्पर्श नसलेले आणि आपला गंध, रंग, चव राखून असलेले पाणी शुद्ध. इथे शुद्धता म्हणजे काहीतरी नसणे एवढेच नाही, आणि पिणारा जीवही व्याख्येतच आला आहे.

नात्याच्या या कल्पनेला एक काळी बाजूही आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांनी डॉ. आंबेडकरांसह प्यायले. जनावरांना आणि परधर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. तरी नंतर सवर्णांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या 108 घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. तेव्हा टीडीएस मीटर असता, तर शुद्धीनंतर त्याचा आकडा वाढलाच असता. दोन्ही ठिकाणी शुद्धता नात्यातूनच ठरली, पण कसोटी एक नव्हती. माशाची गरज त्याच्या रक्तात तपासता येते; स्पर्शाचा विटाळ तळ्यात कुठेही सापडत नाही. पिणाऱ्याच्या गरजेवरून ठरणारी शुद्धता आणि तळ्यावर हक्क सांगणाऱ्याच्या इच्छेवरून ठरणारी शुद्धता यांना एकच शब्द वापरण्यात भाषेने बराच गोंधळ घातला आहे.

काढून टाकलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र जैन आचाराइतका कोणी गंभीरपणे घेतलेला नाही. तिथे पाणी गाळले की फडक्यावर अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडतात. गाळणे हे पिणाऱ्याच्या आरोग्याइतकेच, किंबहुना जास्त, त्या जीवांसाठी असते. आरओ यंत्राची साधी मांडणी एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर मोरीत सोडते. नळाचा टीडीएस 300 आणि प्रमाण तीनास एक असेल, तर सोडलेल्या पाण्याचा टीडीएस फार तर 400 च्या आसपास जातो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी 500 ही इष्ट मर्यादा आहे. फरशी पुसायला आणि कुंड्यांना ते चालते. पडद्यापर्यंत पोहोचण्याआधी ते कार्बनमधून गेलेले असल्याने क्लोरीनही बहुतेक निघालेला असतो, आणि नायट्रेट फार नसेल, तर टेट्राच्या टाकीसाठी नको झालेल्या त्याच पाण्यात शेजारच्या टाकीतली मोली मजेत राहते.