स्वातंत्र्य, समुदाय आणि वाळीत टाकणे

इसाया बर्लिन यांच्या १९५८ च्या व्याख्यानापासून स्वातंत्र्यविषयक चर्चा बहुधा ‘अभावात्मक’ आणि ‘भावात्मक’ या दोन संकल्पनांच्या चौकटीत होत आली आहे. अराज्यवाद या चौकटीत नीट बसत नाही. बाकुनिनला राज्यसंस्था नको होती. पण म्हणून त्याला केवळ हस्तक्षेपाचा अभाव हवा होता, असे नाही. इतरांचे स्वातंत्र्य ही व्यक्तीच्या स्वातंत्र्याची मर्यादा नसून त्याची पूर्वअट होय, असे तो मानत असे. ज्यूंच्या प्रश्नावरील निबंधात (१८४४) मार्क्सने माणसाला माणसापासून विलग करणाऱ्या हक्ककल्पनेवर घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. १८७२ मध्ये हेग येथे बाकुनिनची हकालपट्टी झाली. स्वातंत्र्य सामाजिक असते, याविषयी मात्र दोघांत दुमत नव्हते.

सँडेल, टेलर आदी समुदायवादी याही पुढे जातात. व्यक्तीचा ‘स्व’च समुदायात घडतो, असे त्यांचे म्हणणे. मग घडवणाऱ्या समुदायालाच नकार देणाऱ्याने उभे कोठे राहायचे?

उर्सुला ल गिन यांच्या ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) या कादंबरीत हा प्रश्न तात्त्विक लेखनापेक्षा अधिक प्रखरपणे उभा राहतो. अनारेसवर कायदा नाही, मालमत्ता नाही. तरी तिरिनचे नाटक लोकांना रुचत नाही आणि तो हळूहळू मोडून पडतो. शेवेकचे संशोधन साबुलच्या मर्जीवाचून छापले जात नाही. बंदी कोणीच घातलेली नसते, त्यामुळे दाद कोणाविरुद्ध मागावी हेही कळत नाही. समाजाचा जुलूम राज्याच्या जुलमाहून सौम्य दिसतो, पण अधिक खोलवर शिरतो, हे बाकुनिननेही ओळखले होते. त्याच्या अनुयायांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

मराठी वाचकाला हे नवे नाही. वाळीत टाकण्यासाठी राज्यसंस्था लागत नाही, गाव पुरते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्ती हे एकक मानल्याचे समर्थन केले, त्यामागे हा अनुभव होता. पुढे महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम करावा लागला. म्हणजे समुदायापासून व्यक्तीला सोडवण्यासाठी राज्यच धावून आले. अराज्यवाद्यांपुढची खरी अडचण ही आहे.

शेवेक राज्याकडे जात नाही. तो मित्रांसह स्वतःचे मंडळ काढतो आणि छपाई सुरू करतो. परंतु त्याला हे शक्य होते, कारण मतभेदामुळे अनारेसच्या सामुदायिक भोजनगृहाचे दार कोणावर बंद होत नाही. वाळीत पडलेल्या कुटुंबाची पहिल्याच दिवशी विहीर बंद होत असे.