जोडाघर आणि बालगृह

परमुलखातील एखाद्या अनाथालयात जाऊन काही आठवडे सेवा करावी, ओळखीचा आधार सुटल्यावर ईश्वरावरची आपली श्रद्धा कितपत टिकते ते पाहावे आणि पालटलेल्या मनाने घरी परतावे, ही आकांक्षा पूर्वी पाश्चात्त्य तरुणांचीच मानली जाई. आता अमेरिकेत वा इंग्लंडात वाढलेली मराठी घरांतील मुलेही सुटीत लातूर-नांदेडकडच्या आजोळी आली की अशीच इच्छा बोलून दाखवतात. त्यामागील सद्भावनेविषयी संशय घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की सेवकाला ज्या परिवर्तनाची हौस असते, त्याचा खर्च कोणाच्या खाती पडतो?

परतीचे तिकीट खिशात असलेल्याने परिवर्तन मागून घेतलेले असते. किल्लारीच्या पोरांवर ते कोसळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतीचे विसर्जन आटोपून गाव निजले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली, आणि दगड-मातीत रचलेल्या रुंद भिंती व त्यांवरचे जड माळवद, ज्यांच्या गारव्यात पिढ्यानपिढ्या उन्हाळे निघाले होते, तीच निजलेल्यांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली. अशा ढिगाऱ्यातून वाचलेल्या मुलाला 'देवाची इच्छा' एवढेच सांगून गप्प करणे मला क्रूर वाटते, आणि अधार्मिकही. कारण माणसे मेली ती सांधा नसलेल्या भिंतींखाली, आणि भिंत कशी बांधावी हे ठरवण्याचा अखत्यार देवाने माणसाकडेच ठेवला आहे.

त्या मुलांसाठी पुढे जे उभे राहिले त्यातून बरेच शिकण्याजोगे आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. कार्य मोठेच; तथापि तेरणेकाठच्या मुलाला गाव सोडूनच शिकावे लागावे, ही आपल्या मराठवाड्याची जुनी नामुष्कीही त्यात दिसते. पन्नालाल सुराणा यांनी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींसह नळदुर्गला 'आपलं घर' काढले, ते त्याच मुलखात, मुलांच्या ओळखीच्या बोलीत आणि ज्वारीच्या भाकरीत. लातूरला एसओएस बालग्राम आले. त्यामागची कल्पना हर्मन ग्मायनर यांची. १९४९ साली ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे त्यांनी ठरवले, की पोरक्या मुलांना बराक नको, घर हवे, आणि प्रत्येक घराला एक आई हवी. सकाळी तीच उठवणार, तापात तीच उशाशी बसणार, दहावीच्या निकालाला दारात तीच उभी असणार. परदेशातून आपल्याकडे या कामासाठी पुष्कळ काही आले, पण मला सर्वांत मोलाची वाटते ती ही कल्पना. कारण तिचे सारे सार त्या बाईच्या टिकून राहण्यात आहे.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० सालापासून चाललेल्या अभ्यासात, संस्थेत वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले, तेव्हा त्यांची बुद्धी आणि भावजीवन यांचा विकास संस्थेतच राहिलेल्यांहून स्पष्टपणे सरस ठरला. कंबोडियात तर पाहुण्या स्वयंसेवकांच्या ओघाबरोबर अनाथालयेच वाढली, आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचे निघाले. मागणीप्रमाणे अनाथ निपजतात, याहून भयंकर बाजार कोणता? संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१९ च्या डिसेंबरात या प्रकाराची दखल घेतली. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने संस्था हा शेवटचा उपाय ठरवलाच आहे. दर सुटीला नवा दादा, नवी ताई, नवा लळा आणि नवा निरोप, या रहाटगाडग्यात मूल शेवटी एकच गोष्ट शिकते: जीव लावू नये.

मग जाणाऱ्याने सेवा करूच नये काय? याचे उत्तर नांदेडला गोदाकाठी आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली तेथे आले तेव्हा त्यांचे चारही पुत्र गेलेले होते. ईश्वराच्या हुकुमावर त्यांची निष्ठा अढळ होती, पण तिच्या भरवशावर त्यांनी मागच्यांना वाऱ्यावर सोडले नाही. देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथाला गुरुपद दिले, म्हणजे अनुयायांचा आधार कोणा जाणाऱ्या माणसावर अवलंबून राहू नये. श्रद्धा आणि बंदोबस्त यांत विरोध मानणाऱ्या आपल्या भाविकांनी हे ध्यानी घ्यावे. तेथील हजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात आजही कॅनडा-इंग्लंडहून आलेले शीख यात्री जोडाघरात बसतात, अनोळखी यात्रेकरूंचे धुळीने भरलेले जोडे घेतात, पुसतात, बदल्यात बिल्ला देतात. लंगरच्या पंगतीत वाढपी रोटी टाकतो, ती ओंजळीत घ्यायची. वाढणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, आणि तो उद्या नसला तर कोणाचे काही अडत नाही. पाहुण्याची सेवा नेमकी अशी असावी: तिची उणीव भासावी, माणसाची नव्हे.

तेव्हा सुटीत येणाऱ्या आपल्या नातवंडांना जरूर बालगृहात पाठवा. पण तेथे कोठीचा हिशेब लिहायला, गळणारे पत्रे बदलायला, भांडी घासायला, संगणक दुरुस्त करायला पाठवा. मुलांना मांडीवर घेण्याचा हक्क तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईचा आहे. तिचा पगार वेळेवर होतो का, तिला आठवड्याची सुटी मिळते का, याची चौकशी करा आणि विमानाच्या तिकिटाइतकी रक्कम तिच्या नावे पाच वर्षे देण्याची तजवीज करा. आजी किंवा मावशी सांभाळू शकेल असे मूल तुमच्या गावात असेल, तर संस्थेचा रस्ता दाखवण्याआधी बालसंगोपन योजनेची दरखास्त भरून द्या. तीत महिना २२५० रुपये मिळतात, आणि कागदपत्रे जुळवता जुळवता पुष्कळ आज्या थकून जातात.