माणसांवरचा खर्च

गरीब कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे अर्ज वाचायचे, कोणाला पैसे द्यावेत याची शिफारस विश्वस्तांपुढे मांडायची आणि दिलेल्या पैशांचं पुढे काय झालं ते जाऊन पाहायचं, ही माझी नोकरी. मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या धर्मादाय न्यासात मी ती करते. अर्जाच्या शेवटी अंदाजपत्रक असतं आणि वाद बहुतेक वेळा तिथेच होतो. शिलाई मशिनं, दप्तरं, धान्याचे किट, पाण्याचे फिल्टर यांवर कोणी बोट ठेवत नाही. बोट थांबतं ते ‘कार्यकर्त्यांचं मानधन’ या ओळीवर. एवढे पैसे पगारातच गेले तर गरिबांपर्यंत काय पोचणार, हा प्रश्न मी अतिशय सज्जन माणसांच्या तोंडून ऐकत आले आहे. त्यांच्या मनात खोट नसते. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

बिगारी काम करणारा नवरा वारला आणि बाई दोन शाळकरी मुलांसह वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत राहते, असं घर डोळ्यांपुढे आणा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये वाढून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये झाली. दोन्ही योजना लागू झाल्या तर घरात महिन्याला ६,००० रुपये येतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही रक्कम म्हणजे खोलीचं भाडं आणि वर थोडा श्वास.

आता कागद मोजा. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. मृत्यू गावी झाला असेल तर तो ग्रामपंचायतीतून आणायचा. राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा हवा. तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. निराधार योजनेची वर्षानुवर्षं चालत आलेली अट वार्षिक २१ हजारांची, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांची आहे. रेशन कार्डावर नाव अजून सासूच्या कुटुंबात, आधारवर माहेरचं आडनाव, सासरचे बोलत नाहीत. बालसंगोपनासाठी गृहभेट व्हावी लागते, बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. एकेका कागदापायी एकेका दिवसाचं काम बुडतं आणि दोनदा खाडा झाला की मालकीण दुसरी बाई बघते. तिसऱ्या खेपेला ‘सोमवारी या’ ऐकल्यावर बहुतेक बायका पुन्हा येत नाहीत. सरकारच्या लेखी त्यांनी अर्जच केलेला नसतो.

ठाणे जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत मी एका कार्यकर्तीबरोबर बसले होते. तिच्या रेक्झिनच्या पिशवीत प्रत्येक बाईची वेगळी प्लॅस्टिकची फाईल, झेरॉक्सचे तीन-तीन संच, स्टेपलर, पासपोर्ट फोटोंची पाकिटं आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. खिडकीवरच्या लिपिकाने कागद चाळले आणि परत सरकवले. बरोबरची बाई उठायला लागली. कार्यकर्ती तिला म्हणाली, “वहिनी, तुम्ही बसा.” मग आवाज न चढवता लिपिकाला म्हणाली, “साहेब, काय कमी आहे तेवढं कागदावर लिहून द्या, म्हणजे तुमचाही वेळ जायचा नाही.” तो थोडा थबकला. मग त्याने अर्जाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यावर पुढचं सगळं फिरलं. पुढच्या खेपेला तिसरीच त्रुटी निघणार नव्हती, कारण पहिल्या दोन त्याच्याच अक्षरात होत्या. ही युक्ती कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात छापलेली नाही. ती अंगात यायला कचेरीत वर्षं काढावी लागतात, कोणत्या टेबलावर फाईल अडते हे ठाऊक असावं लागतं, आणि त्या टेबलावरच्या माणसाचा अपमान न करता त्याला हलवता यावं लागतं.

अशा कार्यकर्तीला महिन्याला १८ हजार रुपये दिले तर वर्षाला २ लाख १६ हजार होतात. वर सांगितलेल्या घरासारखी तीन घरं तिने मार्गी लावली, की तेवढीच रक्कम वर्षभरात त्या तीन घरांत पोचते, आणि पुढच्या वर्षीही येत राहते. घरं तिच्याकडे तीनपेक्षा कितीतरी जास्त असतात. विश्वस्तांच्या बैठकीत मी हा हिशेब मांडते, कारण तो पटकन पटतो. तरी मनातून मला तो अपुरा वाटतो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात परत जायचं की नाही हे ठरवणाऱ्या बाईजवळ तासभर बसण्याची किंमत त्यात येत नाही. शाळा सोडून चहाच्या टपरीवर लागलेल्या मुलाला परत वर्गात बसवण्याचीही येत नाही.

माणसांवर पैसा लावण्याची ही दृष्टी आपल्याकडे नवीन नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये उभा राहिला. पैसा कुठे लावावा, याचा विचार चालू असताना क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाऊस चालवत होते. सेवाभाव असलेली माणसं भेटतात, पण हे काम शिकलेली माणसं भेटत नाहीत, हे ते रोज पाहत होते. त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यातच सुरू झालं आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. भुकेल्यांना थेट वाटता आला असता असा पैसा त्या ट्रस्टने माणसं घडवण्यावर खर्च केला.

त्याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, हीच त्यामागची सगळी कल्पना. खर्च टेबल-खुर्चीचा आणि माणसाच्या पगाराचा. घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘घरचं प्रकरण आहे, समजुतीने घ्या’ म्हणून परत पाठवण्याच्या त्या काळात, तिचं म्हणणं लिहून घेणारं कोणीतरी तिथे होतं. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपल्या व्यवस्थेत घेतले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. मशिनं वाटून असं काही उभं राहिल्याचं मला दिसत नाही.

मग अडतं कुठे? काही अंशी कायद्याच्या चुकीच्या वाचनात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावी लागते. नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पगाराला ती लागत नाही. २०२१ च्या नियमांतल्या व्याख्येत हे स्पष्ट आहे. तरीही वस्तीत फिरणाऱ्या ताईंचा पगार ५ टक्क्यांत बसवा, असं संस्थांना सांगितलं जातं, आणि निधी हातचा जाईल या भीतीने संस्था मान डोलावतात. परदेशी देणग्यांचं आणखी अवघड. त्यांविषयीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेने दुसरीला हा निधी देण्यावर बंदी आली. स्वतः परदेशी निधी मिळवण्याची ताकद नसलेल्या तालुक्याच्या गावच्या छोट्या संस्था मोठ्या संस्थेच्या आधाराने चालत असत. तो आधार गेला.

करोनानंतर हे फार जवळून दिसलं. धान्याच्या किटसाठी पैसा भरभरून आला, आणि तेव्हा त्याची गरजही होती. पण नवरा गमावलेल्या बायकांची नावं शोधणं, त्यांचे दाखले जमवणं, २०२१ मध्ये राज्य सरकारने अशा बायकांसाठीच्या मिशन वात्सल्यखाली तालुकावार समित्या नेमल्यावर त्यांचा पाठपुरावा करणं, यासाठी पैसा मिळेना. सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने ते काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर रेटलं. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण अशी निष्ठा दर वेळी फुकट मिळेल असं धरून निधी देणाऱ्यांनी आपली धोरणं आखणं अन्यायाचं आहे. ही कार्यकर्ती स्वतःही बहुतेक वेळा त्याच वस्तीत राहते. तिच्या घरीही फीची तारीख येते.

पगाराबद्दलच्या शंकेला आधार नाही असं मी म्हणणार नाही. कागदावरचे कार्यकर्ते दाखवून पैसे उचलणाऱ्या संस्था आहेत. पण त्या ओळखायला पाहणी दौऱ्याचा उपयोग होत नाही. दौरा ठरला की रांगोळी निघते, मुलं स्वागतगीत म्हणतात, रोजंदारीवरच्या बायका काम बुडवून सतरंजीवर बसतात आणि विचारलं की सगळं छान चाललंय म्हणतात. मला पैसे देणारी मानल्यावर त्या दुसरं काय सांगणार? म्हणून मी कार्यकर्तीबरोबर एक साधा दिवस मागून घेते. तिची रोजची वही वाचते. खरी वही ओबडधोबड असते: तीच बाई पाच पानांवर पुन्हा पुन्हा येते, तारखा पुढे ढकललेल्या असतात, मध्येच एखादी केस बंद पडल्याची नोंद असते. सगळ्या केसेस यशस्वी दाखवणारी वही पाहिली की मी आणखी प्रश्न विचारते. संस्थेतली माणसं किती वर्षं टिकतात, हेही विचारते. वस्तीला नाव-गाव ठाऊक झालेली ताई दर वर्षी बदलत असेल, तर घरातली खरी अडचण कोणी कोणाला सांगत नाही.

यंदा एका संस्थेने पाच कार्यकर्त्यांचे पगार, भविष्य निर्वाह निधीसह, सात वर्षांसाठी मागितले आहेत. वस्तू एकही नाही. मी पूर्ण रकमेची शिफारस केली आहे. सीएसआरमध्ये चालू प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांचीच मुदत असते; आमच्यासारख्या न्यासावर ते बंधन नाही. एका विश्वस्तांनी, सात वर्षांत आपण काय बांधलं म्हणून दाखवायचं, असं विचारलं. दुसऱ्या म्हणाल्या, आधी त्या पाचजणींना भेटू या. त्या भेटीसाठी मी तहसील कचेरीचा दिवस मागितला आहे, मंगळवारचा, कारण त्या दिवशी खिडकीवर गर्दी सगळ्यात जास्त असते.