सेवेला निघण्यापूर्वी



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या युवक गटातील एक मुलगा आमच्याकडे आला. पदवी झाली आहे, नोकरी अजून लागायची आहे. आफ्रिकेतील एका गरीब वस्तीत, तेथील स्थानिक ख्रिस्तसभेबरोबर सहा महिने स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी त्याला मिळू शकते. त्यासाठी धर्मगुरूंचे शिफारसपत्र हवे होते. "फादर, मला गरिबांसाठी काहीतरी करायचंय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरी तळमळ होती. आम्हांला आनंद झाला. "उद्या पत्र घेऊन जा, बाळा," असे आम्ही सांगून टाकले.

संध्याकाळी त्याचे वडील आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फादर, चाळीसगावातले गरीब संपले का?"

त्या रात्री पत्र लिहायला बसलो आणि पेन थांबले. बाप चुकीचे बोलत होता काय? दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातील तांड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. काही मुले म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतात, काही आईबापांबरोबर फडात जातात आणि त्यांची शाळा बुडते. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर घडते. मग विमानाने समुद्र ओलांडून गरीब शोधायला का जावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांनी मांडलेला 'प्रीतीचा क्रम' शिकविला गेला. प्रीती सर्वांवर करायची, परंतु मनुष्याचे हात दोनच. म्हणून जे आपल्याला अधिक जवळचे, त्यांचे आपल्यावर पहिले ऋण, असे संत थॉमस म्हणतात. मुलाच्या वडिलांना हा महान आचार्य आपल्या बाजूचा वाटेल. परंतु संत थॉमस तेथेच थांबत नाहीत. परका मनुष्य अगदी निकडीच्या संकटात असेल आणि आपल्या स्वतःच्या पित्याची गरज तितकी तातडीची नसेल, तर परक्याला आधी मदत करणे योग्य, असेही ते सांगतात. म्हणजे अंतर हा एकमेव निकष नाही. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात तरी दुसरे काय आहे? जखमी माणसाच्या जवळचे होते ते वाट बदलून गेले. जो थांबला तो परका होता.

तेव्हा 'दूर की जवळ' या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही, असे आमच्या मनाने घेतले. तरीही पेन पुढे सरकेना. कारण त्या रात्री आम्हांला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली, आणि ती आपल्यापुढे कबूल केली पाहिजे.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस आपल्या गावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर शिरला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या. दुकाने, घरे, गुरेढोरे, काय काय वाहून गेले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जणांबरोबर कपडे आणि धान्य घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेलो. हातात यादी होती, टेम्पो उभा होता, अजून दोन वस्त्या व्हायच्या होत्या. एका मावशींच्या घरात अजून चिखल होता. त्यांनी विटांवर पातेले ठेवून चहा टाकला होता. "फादर, बसा, चहा घ्या," म्हणाल्या. आम्ही घाईने नको म्हटले. करोनाचे दिवस होते, तेही कारण हाताशी होतेच. साडी पुढे केली. मावशींनी ती घेतली नाही. त्या आमच्याकडे पाहून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "आमना चहा तुमले चालत नही, मंग तुमनी साडी आमले कशी चाली?"

आम्ही काहीतरी बोलून पुढच्या घरी गेलो. ती साडी दुसऱ्या कोणाला दिली. यादीवर खूण केली. परंतु ते वाक्य आम्ही आजही विसरलेलो नाही.

त्या बाईंचे काय चुकले? काहीच नाही. घर वाहून गेले होते तरी दारी आलेल्याला काहीतरी देण्याचा मान त्यांच्याकडे शिल्लक होता. आम्ही साडी द्यायला गेलो आणि तो मान काढून घेतला. आमच्या मते त्या फक्त घेणाऱ्या होत्या आणि आम्ही फक्त देणारे.

येथे कोणी म्हणेल, "फादर, घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, असे प्रभूचे वचन संत पौलाने सांगितले आहे ना?" होय, सांगितले आहे. पण बंधुभगिनींनो, हे वचन जरा शेवटपर्यंत नेऊन पाहू या. देण्यात जर अधिक धन्यता असेल, तर ती सगळी धन्यता आपणच आपल्याजवळ ठेवायची आणि गरिबाच्या वाट्याला नेहमी कमी धन्यता द्यायची, हा कोणता न्याय? जो नेहमी देतो आणि कधीच घेत नाही, तो एका अर्थाने कंजूषच आहे. पैसा वाटतो, पण देण्याचा आनंद मात्र स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवतो. मंदिरात गरीब विधवेने आपली दोन नाणी टाकली तेव्हा प्रभू येशूने तिचा हात धरला नाही. 'बाई, तुलाच गरज आहे, राहू दे,' असे तो म्हणाला नाही. त्याने तिला देऊ दिले आणि शिष्यांना जवळ बोलावून ते दान दाखविले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवितो. आम्ही कोठे मदतीला निघतो तेव्हा आधी टेम्पो भरतो. प्रभूने मात्र त्यांना थैली, झोळी आणि वहाणा सोबत घ्यायला मनाई केली. ज्या घरात जाल तेथे राहा आणि पुढे वाढतील ते खा, असे सांगितले. म्हणजे ज्यांची सेवा करायची त्यांच्याच भाकरीवर जगायचे. मिशनकार्याची सुरुवात दुसऱ्याच्या घरी पाहुणा होण्यापासून झाली. स्वतः प्रभूही याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलू लागला तेव्हा त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितले. जीवनाच्या पाण्याविषयी तो नंतर बोलला.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतून परदेशी सेवेला गेलेला एक संत आपल्याला ठाऊक आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले हे गोन्सालो किशोरवयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. तेथे बरीच वर्षे राहून लोकांत मिसळून ती भाषा शिकले. पुढे व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. क्योतो शहरात त्यांनी मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर चढविण्यात आले. १८६२ साली ते संतपदाला पोचले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्या दिवशी जे २६ जण हुतात्मे झाले, त्यांतले २० जण जपानी होते. वसईचा हा मुलगा त्यांच्यावर अधिकार गाजवायला गेला नव्हता. त्यांच्या भाषेत त्यांचे बोलणे पोचविणारा तो एक साधा बंधू होता, आणि शेवटी त्यांच्याच रांगेत मेला.

उलट दिशेने आलेले एक उदाहरण आपल्याच नाशिक धर्मप्रांतातील आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आयुष्य वेचले. दुष्काळी गावांत पाणलोटाचे मोठे काम त्यांच्या प्रेरणेने उभे राहिले. जर्मनीचा पैसा त्यामागे होता. मनात आणले असते तर तो पैसा नुसता वाटता आला असता. परंतु त्या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, तेव्हाच काम सुरू व्हायचे. वरवर पाहता ही अट कठोर वाटते. उपाशी माणसाकडून घाम मागायचा? पण विचार करा, ज्याच्याकडून आपण काही मागतो त्याला आपण समर्थ मानतो. बाखर यांनी शेतकऱ्याचा चहा आधी घेतला, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणू. २०२१ साली ते देवाघरी गेले. त्या गावांतील बांध मात्र गावाचे राहिले.

याउलटचा इशाराही ऐकला पाहिजे. १९६८ साली मेक्सिकोत क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने गरीब खेड्यांत सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्याचा मुद्दा असा होता की ज्यांची भाषा तुम्हांला येत नाही, ते तुमच्याविषयी काय म्हणतात हे तुम्हांला कधी कळणारच नाही. तुमच्या देशातला गरीब निदान तुम्हांला 'चालते व्हा' म्हणू शकतो. हे शब्द बोचतात. इलिच अर्धेच खरे बोलला असे आम्हांला वाटते, पण ते अर्धे मोलाचे आहे. मावशींनी आम्हांला नको म्हटले ते आम्हांला कळले, कारण अहिराणी आम्हांला समजते. परमुलखात तेच वाक्य ऐकून आम्ही हसून मान डोलावली असती आणि आभार मानले जात आहेत असे समजून फोटो काढला असता.

मग काय, पूर आला असता आधी भाषा शिकत बसायचे? तसे नाही. बुडणाऱ्याला आधी हात द्यायचा, ओळख नंतर. भुकेल्याला आधी घास. परंतु ती घटका टळली की रोजचे जीवन सुरू होते, आणि तेथे केवळ देणारा होऊन राहणे ही सेवा उरत नाही. ती सवय होते, आणि तिला गरिबाची गरज लागते. गरीब गरीब राहिला तरच आमचे देणे चालू राहणार! दुसऱ्या माणसाला आपल्या समाधानाचे साधन करू नये, हे तत्त्वज्ञांनी सांगितले आहे. सत्कर्माच्या वाटेनेही ते पाप घडू शकते, हे आपल्याला सहसा सुचत नाही.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो होतो. हातात काही नव्हते. मावशींना म्हटले, "चहा मिळेल का?" त्या म्हणाल्या, दूध नाही. कोरा चहा मिळाला. आम्ही तो बसून प्यालो. त्यांनी पुराची रात्र सांगितली, आम्ही ऐकली. साडीचा विषय कोणीच काढला नाही. त्या दिवशी आमची चूक भरून निघाली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या घरी आता आम्हांला बसायला सांगतात.

तर त्या मुलाला आम्ही पत्र दिले. मात्र 'गरिबांना मदत करण्यास उत्सुक' हे शब्द खोडले. त्याजागी लिहिले की हा मुलगा शिकायला येत आहे. त्याला आपली भाषा शिकवा, भांडी घासू द्या, आपल्या घरी जेवायला बोलवा, आणि तो चुकला तर स्पष्ट सांगा. मुलालाही एक अट घातली. जाण्यापूर्वी यंदाच्या ऊसतोडीच्या हंगामात तांड्यावर मागे राहिलेल्या मुलांबरोबर दर शनिवारी बसायचे. जाताना काही न्यायचे नाही, आणि आजी जे देईल ते खायचे. तो जरा नाराज झाला. "फादर, तिथं मी काय करणार?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "ते आजीला विचार."

वडिलांनाही आम्ही सांगितले की तुमचा प्रश्न योग्य होता, पण तो तुमच्या मुलापुरता नाही. चाळीसगावातले गरीब संपले नाहीत. मुलगा गेला तरी बाप येथेच आहे, धर्मगुरू येथेच आहे, आणि आपण सारे येथेच आहोत.

ऑक्टोबर महिन्यात मिशन रविवारी आपण वर्गणीचे पाकीट भरतो. ते भरावेच. त्याबरोबर या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करून पाहावी. आपण ज्यांना नेहमी काही देतो, म्हणजे घरकामाच्या ताई, दारावर येणारे आजोबा, शेतावरचे सालदार, त्यांच्याकडून काहीतरी घ्यावे. एखादी गोष्ट ऐकून घ्यावी, एखादा सल्ला मागावा, आणि त्यांच्या घरी बोलावले तर जावे, बसावे, चहा घ्यावा.

जो श्रीमंत असूनही आपल्यासाठी गरीब झाला आणि विहिरीवर तहानलेला बसला, तो प्रभू येशू आपणां सर्वांना द्यायला आणि घ्यायलाही शिकवो. आमेन.

आपल्या प्रार्थनेत आमची आठवण असू द्यावी.

आपले धर्मगुरू